पुलगावजवळ वर्धा नदीत होडीची सहल: पाणी किती असेल, हे आधी कसं ओळखायचं?

पुलगाव या नावातच पूल आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग मुंबईकडून नागपूरच्या दिशेनं सरकत होता. वाटेत वर्धा नदीवर पूल बांधावा लागला आणि त्या पुलाच्या आसऱ्यानं पूर्वेच्या काठावर हे गाव वाढलं. आजही मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी धामणगाव सोडून पुढे आली की नदी ओलांडते आणि लगेच पुलगाव स्टेशन येतं. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्हा.

होडीच्या सहलीची कल्पना बहुतेकांना या पुलावरच सुचते. खाली रुंद पात्र, मध्ये रेतीची बेटं, काठाला बाभळी, ऑक्टोबरातलं स्वच्छ ऊन. हवा भरायची कयाक आता ऑनलाइन मिळते, तंबू मित्राकडे असतोच. शनिवारी सकाळी पाण्यात उतरायचं, रात्री काठावर मुक्काम करायचा आणि रविवारी खालच्या एखाद्या पुलापाशी बाहेर पडायचं, असा बेत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा मिनिटांत ठरतो.

अडचण एवढीच की पुलावरून दिसतं ते त्या क्षणाचं पाणी. रात्री किती असेल, हे ना पुलावरून दिसतं ना पुलगावच्या आभाळाकडे बघून कळतं.

पुलगावचं पाणी ठरतं कुठे?

वर्धा नदी मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई परिसरात सातपुड्यात उगम पावते. महाराष्ट्रात आल्यावर ती बराच काळ अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांची हद्द आखत वाहते. पुढे यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बाजूनं जाऊन वैनगंगेला मिळते. या दोघींच्या संगमानंतर तिला प्राणहिता म्हणतात.

पुलगावला पोचण्याआधी या नदीवर दोन मोठी धरणं लागतात. पहिलं अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा. त्याच्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर, दरवाजे १३. दुसरं त्याच्या खाली, आर्वी तालुक्यातल्या धनोडीजवळचं निम्न वर्धा. त्याला तब्बल ३१ दरवाजे आहेत. पुलगाव या दुसऱ्या धरणाच्या खालच्या अंगाला आहे.

म्हणजे साखळी अशी होते: सातपुड्यात पाऊस पडतो, अप्पर वर्धा भरतं, तिथून पाणी सोडलं जातं, ते निम्न वर्धात येतं आणि तिथे जागा नसेल तर पुढे पुलगावकडे सुटतं. या साखळीत पुलगावच्या ढगांचा कुठेच संबंध नाही. पुलगावला चांदणं पडलेलं असताना नदी चढू शकते, आणि पुलगावला दोन तास धो धो पाऊस पडूनही ती फारशी हलत नाही, असंही घडू शकतं.

याला एक पुरवणी आहे. निम्न वर्धाच्या खाली आर्वी, देवळी आणि धामणगाव तालुक्यांतले छोटे ओढे-नाले थेट नदीत येतात. त्यांच्यावर कुठलाही दरवाजा नाही. जोराची सर आली की ते तासाभरात फुगतात आणि तितक्याच लवकर ओसरतात. त्यामुळे लक्ष दोन ठिकाणी ठेवावं लागतं: वरच्या धरणांवर आणि आजूबाजूच्या नाल्यांवर.

महाराष्ट्रात याच्या नेमकं उलट उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या कोलाडचं आहे. तिथल्या कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं, कारण भिऱ्याच्या वीजनिर्मितीचं पाणी सकाळी ठरावीक वेळेला नदीत सुटतं. राफ्ट त्या पाण्याबरोबर खाली जाते आणि पाणी उतरायच्या आत सगळे बाहेर पडतात. तिथेही पाणी धरणाचंच, पण त्याला वेळापत्रक आहे. वर्ध्याच्या पाण्याला सहलीसाठी कुणी वेळापत्रक लावलेलं नाही. ते पूर, शेती आणि पिण्याचं पाणी या तीन गरजांप्रमाणे सुटतं.

‘विसर्ग सुरू’ म्हणजे किती?

पावसाळ्यात वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो: अमुक प्रकल्पाचे इतके दरवाजे इतक्या सेंटिमीटरनं उघडले, विसर्ग इतके घमीप्रसे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. बहुतेक जण दरवाज्यांचा आकडा वाचतात आणि पुढे ढकलतात. पण दरवाज्यांच्या संख्येवरून फारसं काही कळत नाही. ३१ दरवाजे थोडेथोडे उचलले तर सुटणारं पाणी, मोजके दरवाजे पुष्कळ उचलल्यावर सुटणाऱ्या पाण्यापेक्षा कमी असू शकतं. वाचायचा असतो तो विसर्गाचा आकडा.

घमीप्रसे म्हणजे घनमीटर प्रति सेकंद. यालाच क्युमेक म्हणतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. विसर्ग १०० घमीप्रसे असेल तर दर सेकंदाला एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, नदीत रिकामे होत असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बातम्यांत क्युसेक वापरतात. एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. ही गल्लत महागात पडते. ५०० क्युसेक आणि ५०० क्युमेक यांच्यात ओढा आणि पूर इतका फरक आहे.

विसर्ग कळला तरी नदीची पातळी लगेच कळत नाही. तेवढंच पाणी अरुंद पात्रात जास्त चढतं, रुंद पात्रात पसरतं. म्हणून कोल्हापूरचे लोक विसर्गाबरोबरच राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. सहलीला जाणाऱ्यांना पुलगावसाठी असा स्वतःचा आकडा बनवता येतो. पुलाच्या एका ठरावीक खांबाचा फोटो दर आठवड्याला एकाच जागेवरून काढायचा आणि त्या दिवशीचा विसर्ग त्याखाली लिहून ठेवायचा. चार-सहा फोटो झाले की किती पाण्याला कुठला खडक बुडतो आणि कुठलं रेतीचं बेट नाहीसं होतं, हे दिसायला लागतं. स्थानिक ओळखीचा कुणी असेल तर हे काम फुकट होतं.

सगळ्यात उपयोगाचं गणित वेळेचं आहे. धरणापासून सहलीच्या जागेपर्यंतचं अंतर नदीच्या वळणांसह नकाशावर मोजायचं. उदाहरणादाखल ते ३० किलोमीटर धरू. वाढलेलं पाणी ताशी ४ ते ६ किलोमीटरनं खाली सरकतं असं मानलं तर ते पाच ते साडेसात तासांत पोचतं. मोठ्या विसर्गात वेग याहून जास्त असू शकतो, म्हणून हिशेब नेहमी लवकरच्या वेळेचा धरायचा. आता हे गणित शनिवारच्या रात्रीला लावून बघा. धरणावर रात्री आठला दरवाजे उचलले तर पाणी मध्यरात्री एक ते साडेतीनच्या दरम्यान मुक्कामाच्या जागी येतं. सगळे तंबूत गाढ झोपलेले असतात तेव्हा.

मेसेजच्या बाबतीत आणखी एक पथ्य. ‘सगळे दरवाजे उघडले’ असे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात. तारीख आणि वेळ नसलेला व्हिडिओ बघून ना सहल रद्द करावी, ना निर्धास्त व्हावं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. जिल्हा माहिती कार्यालयाची आणि पाटबंधारे विभागाची पत्रकं तारखेसकट येतात. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे अ‍ॅप २०२३ मध्ये आलं. त्यात नद्यांची पातळी दिसते. फक्त पाहतो आहोत ते केंद्र आपल्या वर आहे की खाली, हे तपासायला हवं. बल्लारपूरकडची पातळी पुलगावच्या तंबूला काहीच सांगत नाही, कारण ते पाणी पुलगाववरून कधीच पुढे गेलेलं असतं.

कुठल्या महिन्यात जायचं?

जून ते सप्टेंबर नको. यावर चर्चेला फारशी जागा नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, वरूड तालुक्यातल्या झुंज परिसरात होडी उलटून एकाच नातेसंबंधातल्या ११ जणांचा मृत्यू झाला. ते साहसासाठी आले नव्हते. घरातल्या एका मृत्यूनंतरच्या विधीसाठी नातेवाईक जमले होते आणि जवळच्या देवस्थानाकडे निघाले होते. पावसाळ्याच्या दिवसांत नदी आणि होडी यांचं गणित किती पटकन बिघडतं, हे त्या परिसरातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

फसवा महिना ऑक्टोबर. पाऊस संपल्यासारखा वाटतो, नदी भरलेली आणि देखणी असते. पण नेमकी तेव्हाच धरणं काठोकाठ असतात. पावसाळ्यात कुठल्या तारखेला जलाशयात किती पाणी ठेवायचं, याचं एक वेळापत्रक असतं. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या पुरासाठी जागा राखली जाते आणि मोसमाच्या शेवटी धरण पूर्ण भरून घेतात. रिकाम्या धरणाला पाऊस पोटात घेता येतो. भरलेल्या धरणाला तो जसा येईल तसा खाली द्यावा लागतो. त्यामुळे परतीच्या पावसाची एक मोठी सर ऑक्टोबरात जो विसर्ग आणू शकते, तो तितक्याच पावसानं जूनमध्ये येणार नाही. त्या दिवसांत वादळी सरींबरोबर विजाही पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देतं. उघड्या पात्रात ओलं वल्हं हातात धरून बसलेल्या माणसासाठी ते फोनमध्ये असणं बरं.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. पूर येण्याची शक्यता कमी, हवा कोरडी, काठावर कापसाची वेचणी सुरू. रात्री मात्र गार असतात आणि पहाटे पाण्यावर धुकं बसतं. ते विरेपर्यंत होडी काढू नये.

या काळात प्रश्न उलटा होतो: पाणी पुरेल का? पावसाळा संपला की कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे टाकून पाणी अडवलं जातं. बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबतं आणि खाली पात्र रोडावतं. रब्बीसाठी कालव्याचं आवर्तन सुरू झालं तर पाणी कालव्यानं जातं, नदीनं नाही. उलट पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडलं तर दोन दिवस पात्र भरल्यासारखं दिसतं आणि मग पुन्हा उतरतं. मार्चनंतर बहुतेक ठिकाणी होडी वल्हवायची नसते, ओढायची असते.

कमी पाणी, जास्त पाणी: धोके वेगळे

दोन माणसं आणि सामान घेतलेली कनू, म्हणजे वरून उघडी लांबट होडी, पाण्यात साधारण १० ते १५ सेंटिमीटर बुडते. वीतभर पाणी सलग असेल तर ती चालते. त्याहून कमी असेल तर तळ घासतो. पुलगावकडचा खडक दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट आहे आणि त्याच्या कडा धारदार असतात. हवेच्या कयाकला त्या एका फटक्यात फाडतात. ज्यांना उथळ पाण्यातून जायचंच आहे त्यांनी हवेची होडी घरी ठेवलेली बरी.

उथळ नदी म्हणजे सुरक्षित नदी, असं मात्र नाही. रेती उपशानं पात्रात खोल खड्डे पडलेले असतात. गुडघाभर पाण्यातून होडी ओढत चाललेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात जाऊ शकतो. म्हणून होडी ओढतानाही लाइफ जॅकेट अंगातच हवं आणि पुढचा तळ वल्ह्यानं चाचपत जायला हवं. विसर्जनाच्या घाटांजवळ मूर्तींचे लाकडी सांगाडे, खिळे आणि तारा पाण्याखाली राहिलेल्या असतात. अनवाणी उतरू नये.

पाणी वाढलं की गोष्ट बदलते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. कालपर्यंत सहज वळणारी होडी आज बाभळीच्या झाडावर जाऊन आदळते ती यामुळे. काठाच्या अर्धवट बुडालेल्या बाभळी आणि बेशरमाची झुडपं हा वाढलेल्या नदीतला मोठा सापळा आहे. पाणी फांद्यांतून पार होतं, पण माणूस आणि होडी अडकून राहतात. कितीही मोहक सावली असली तरी अशा झुडपांपासून लांब राहावं.

रपटे आणि बंधारे त्याहून वाईट. रपट्याखालच्या पाइपात पाणी खेचलं जातं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं आणि पडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेल असं नाही. वरून येताना बंधारा दिसत नाही. समोर पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि त्यापलीकडची नदी नाहीशी झाल्यासारखी वाटते. अशी रेघ दिसली की ताबडतोब काठाला लागायचं आणि होडी खांद्यावर घेऊन बंधारा पार करायचा. कुठले बंधारे, रपटे आणि बॅरेजची बांधकामं वाटेत आहेत हे घरी बसून उपग्रहाच्या नकाशावर शोधून ठेवता येतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात आणि काही दिवसांच्या अंतरानं नवी येतात. त्यात रेतीची बेटं उघडी आहेत की बुडालेली, हेही दिसतं.

कुणी पाण्यात पडलंच, तर वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय खडकाच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं. उताणं तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं वर ठेवायचे आणि हातांनी काठाकडे सरकायचं. होडीची दोरी कमरेला किंवा मनगटाला कधीही बांधायची नाही.

लांबचा पल्ला नको, बाहेर पडायच्या जागा हव्यात

संथ पाण्यात नवखी माणसं ताशी चारेक किलोमीटर जातात. थांबे, जेवण, फोटो धरून दिवसाला १५ किलोमीटर झाले तर खूप. होडी ओढावी लागली तर त्याच्या निम्मे. म्हणून किती किलोमीटर जायचं हे आधी ठरवण्यापेक्षा कुठे कुठे बाहेर पडता येईल, याची यादी करणं शहाणपणाचं.

पुलगावच्या वरच्या अंगाला समृद्धी महामार्ग नदी ओलांडतो, पुलगावला रेल्वे आणि रस्त्याचे पूल आहेत आणि बरंच खाली देवळी ते कळंब मार्गावर, नागपूर-तुळजापूर महामार्गाचा पूल आहे. समृद्धीवर वाटेत गाडी थांबवता येत नाही, त्यामुळे तो पूल खुणेपुरता. या मोठ्या खुणांच्या मध्ये गावांचे घाट असतात. खरी बाहेर पडायची जागा म्हणजे असा घाट, जिथपर्यंत गाडी येते आणि जिथून फोन लागतो. खाली जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुलगावच्या पुढे यवतमाळच्या बाजूनं बेंबळा नदी वर्ध्याला मिळते आणि बाभूळगाव तालुक्यात तिच्यावरही धरण आहे. त्या संगमाच्या खाली मुक्काम करायचा तर वर्ध्याच्या दोन धरणांबरोबर तिसऱ्याचीही चौकशी करावी लागेल.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पुलगावच्या आसपास दिवसभराची फेरी करावी आणि मुक्काम नदीवर न करता गावात करावा. हे ऐकायला फिकं वाटतं. पण एक दिवस पात्र ओळखीचं झालं की पुढच्या वेळच्या रात्रीचा निर्णय अंदाजानं घ्यावा लागत नाही.

निघण्याआधी घाटावरच्या मासेमाराला विचारणं हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा उपयोगी पडतं. भोई आणि ढिवर समाजातल्या लोकांचं पोट या नदीवर आहे. डोह कुठे, भोवरा कुठे, रात्री पाणी किती बोटं चढलं, हे ते सहज सांगतात. त्यांची जाळी पात्रात लावलेली असतात. वल्ह्यानं ती तोडली तर पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही, आणि ते योग्यच.

रात्रीचा मुक्काम

या सगळ्या बेतातली धोक्याची वेळ वल्हवण्याची नाही, झोपेची आहे. दिवसा पाणी चढताना दिसतं. रात्री ते तंबूत शिरल्यावर कळतं.

हिमाचल प्रदेशात ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी खडकांवर फोटो काढत होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सुटलं आणि २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा सहल आयोजक वाहून गेले. तेव्हा दिवस होता, सगळे जागे होते, पाऊस नव्हता. धरणाखालच्या पात्रात तंबू लावणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवावा.

रेतीचं बेट मुक्कामाला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात वाईट. पाणी चढलं की दोन्ही बाजूंनी वाट तुटते. जागा काठावरच, आणि पुराच्या खुणेच्या वर शोधायची. खूण कशी ओळखायची? बाभळीच्या फांद्यांना अडकलेलं गवत, प्लास्टिक, चिंध्या बघायच्या. त्या वर्षीचं पाणी तिथपर्यंत आलेलं असतं. बरेचदा ही खूण डोक्याच्या वर असते आणि ती पाहूनच अर्ध्या लोकांचा उत्साह ओसरतो. नाला नदीला मिळतो त्या कोपऱ्यात तंबू लावायचा नाही, कारण तिथे पाणी दोन दिशांनी येतं.

जागा उंच असून भागत नाही, तिथून निघायची वाटही हवी. वऱ्हाड आणि वर्ध्याकडची माती काळी. कोरडी असताना तिला भेगा पडतात आणि पाऊस पडला की ती चपलेला, चाकाला, सगळ्याला धरून ठेवते. दुपारी जी पांदण गाडीनं सहज पार केली, तीच रात्री एका सरीनंतर ट्रॅक्टरशिवाय पार होत नाही. म्हणून गाडी पांदणीच्या आत न आणता पक्क्या रस्त्यावर उभी करावी आणि तिथपर्यंत चालायची वाट उजेडात एकदा चालून बघावी. ही वाट शेतातून जात असेल तर आणखी एक चौकशी हवी. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात. काही ठिकाणी बेकायदा थेट वीजही सोडलेली असते आणि तिनं माणसं दगावली आहेत. अंधारात शेताच्या तारेला हात लावायचा नाही.

झोपण्याआधी पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवायची आणि तिच्यावर खूण करायची. पाळीपाळीनं एकानं जागं राहून दर तासाला ती बघायची. पाणी दोन बोटं चढलं तरी सगळ्यांना उठवायचं. गढूळपणा अचानक वाढणं, काटक्या आणि फेस वाहत येणं, पाण्याचा आवाज बदलणं, ही काडीच्याही आधीची चिन्हं. होडी पाण्यात बांधून ठेवायची नाही, वर ओढून झाडाला बांधायची. आणि पाणी चढायला लागलं तर तंबू, शेगडी, होडी सगळं तिथेच सोडून वर निघायचं. सामान आवरण्यात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत.

रद्द कधी करायची, हे घरीच लिहून ठेवायचं

काठावर उभं राहिल्यावर सहल रद्द करणं फार जड जातं. सुट्टी घेतलेली असते, गाडीचे पैसे दिलेले असतात, पुण्याहून आलेला मित्र ‘एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचं’ म्हणतो. म्हणून अटी चार दिवस आधी, शांत डोक्यानं, लिहून ग्रुपवर टाकाव्यात. उदाहरणार्थ: दोन्हींपैकी कुठल्याही धरणाचा दरवाजा उघडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. बैतूल, अमरावती किंवा वर्धा जिल्ह्याला हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर नाही. यलो असेल तर फक्त दिवसाची फेरी, मुक्काम नाही. जलाशय शंभर टक्के भरलेला असेल आणि पावसाचा अंदाज असेल तरीही मुक्काम नाही. नेहमीच्या खांबावरचा खडक बुडालेला दिसला तर घाटावर चहा पिऊन परत. आणि एकाही माणसाकडे लाइफ जॅकेट कमी असेल तर त्या माणसाला काठावर ठेवायचं नाही, सहलच पुढे ढकलायची.

या अटी बघायची वेळही ठरलेली हवी: दोन दिवस आधी, आदल्या संध्याकाळी, निघायच्या सकाळी आणि मुक्काम असेल तर सूर्यास्ताच्या आधी एकदा. शेवटची वेळ बहुतेक जण विसरतात. दिवसभर वल्हवून दमलेलं असताना फोन करायचा कंटाळा येतो, पण रात्री येणारं पाणी त्याच वेळी वरून निघालेलं असू शकतं.

तारखाही दोन ठेवाव्यात, एक पक्की आणि एक पंधरा दिवसांनंतरची. दुसरी तारीख असली की पहिली सोडणं सोपं जातं. पाणी कमी निघालं तर काय, याचाही बेत हवा. वर्ध्याहून पुलगाव सुमारे ३० किलोमीटर. सेवाग्राम आणि पवनार त्याच बाजूला आहेत. नदी आटलेली निघाली तर दिवस वाया जात नाही.

परवानगी आणि कळवणं

काठाची बरीचशी जमीन शेतकऱ्यांची असते. विचारल्याशिवाय तंबू ठोकू नये. विचारलं तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही, उलट विहिरीचं पाणी मिळतं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी पाण्याच्या ठिकाणी जाण्यास मनाई करू शकतात. असा आदेश लागू आहे का ते पोलिस ठाण्यात कळतं. पैसे घेऊन अशी सहल नेणाऱ्यांना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्याकडे ती आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावं.

पुलगावची एक वेगळी बाब म्हणजे लष्कराचा केंद्रीय दारूगोळा साठा. ३१ मे २०१६ च्या भीषण आगीनंतर हे नाव देशभर ऐकू आलं. या परिसराच्या आसपास मुक्काम, ड्रोन आणि चित्रीकरण यांच्या भानगडीत पडू नये. रीलसाठी ड्रोन उडवण्याची सवय असलेल्यांनी तो घरीच ठेवलेला चांगला.

निघताना पुलगाव पोलिस ठाण्याला आणि घरी एका माणसाला सांगावं: किती जण, कुठल्या घाटावरून, कुठल्या घाटापर्यंत, किती वाजेपर्यंत. घरच्या माणसाला फक्त एक काम द्यायचं. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही, तर त्यानं ११२ ला फोन करायचा. आणि बाहेर पडल्यावर पहिला फोन त्यालाच करायचा, फोटो नंतर टाकायचे.